ब्लड कल्चरमध्ये कॅन्डिडा (बुरशी) आलाय, पोर्ट (औषध द्यायला छातीत त्वचेखाली बसवलेली नळी) काढावाच लागतो का?

लेकीचा_बाबा: मुलगी ६ वर्षांची, एएलएल (रक्ताचा कॅन्सर), इंडक्शन म्हणजे केमोचा पहिला टप्पा चालू आहे. काउंट (पांढऱ्या पेशी) पार तळाला गेलेत, पाच दिवस अँटिबायोटिक देऊनही ताप हटेना म्हणून परत कल्चर पाठवलं तर कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस निघाला. कालपासून कॅस्पोफंजिन हे बुरशीवरचं औषध लावलंय. पोर्ट काढायचा का ते ठरवू म्हणतात. आणि साध्या फ्लुकोनाझोलने नाही का भागणार?

वॉर्डवाली_ताई: दादा, मी ऑन्को वॉर्डात नर्स आहे, डॉक्टर नाही हां. काउंट असे असताना आणि जंतू थेट रक्तात असताना सुरुवात कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन नाहीतर लायपोसोमल अँफोटेरिसिननेच करतात. फ्लुकोनाझोल नंतर, मूल सावरलं, कल्चर निगेटिव्ह आलं आणि त्या जंतूवर ते चालतंय असा रिपोर्ट आला की मग. कॅन्डिडाची क्रुसाय ही जात असेल तर फ्लुकोनाझोल चालतच नाही. पोर्टचं म्हणाल तर, काउंट नसताना कॅन्डिडा बऱ्याचदा आतड्यातून रक्तात उतरतो, तेव्हा दोष पोर्टचाच असेल असं नाही, म्हणून प्रत्येक मुलाचं वेगळं ठरवतात. पण औषध चालू असूनही कल्चर पॉझिटिव्हच येत राहिलं तर काढलेला बरा.

दोन_वर्षं_झाली: आम्ही यातून गेलोय, मुलगा तेव्हा ४ चा होता. आमचा पोर्ट काढला, आधी प्लेटलेट चढवल्या मग काढला, मी उगाच रात्रभर जागले. १४ दिवस औषध सांगितलं तर मी पहिल्या डोसपासून मोजत बसले, ते मोजायचे असतात पहिलं निगेटिव्ह कल्चर आल्यापासून, आणि तोवर ताप जाऊन काउंटही वर यायला हवेत. आणि एक, काउंट वर आल्यावर ताप परत आला तर घाबरू नका पण अंगावरही काढू नका, आमच्याकडे तेव्हाच लिव्हर आणि स्प्लीनमध्ये बारीक ठिपके दिसले आणि औषध महिनोन्‌महिने लांबलं. काउंट आले की डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या.

रात्रपाळी: कोणी व्होरिकोनाझोल किंवा पोसाकोनाझोलचं (फ्लुकोनाझोलच्याच गटातली औषधं) नाव काढलं तर व्हिन्क्रिस्टिन (केमोचं औषध) कधी आहे ते आधी विचारा!! ही बुरशीची औषधं व्हिन्क्रिस्टिन शरीरात साठवून ठेवतात, मग भयंकर बद्धकोष्ठता, जबडा दुखणं, पायातली ताकद जाणं, कधी फिट्सपण. फ्लुकोनाझोलने कमी होतं पण होतं. कॅस्पोफंजिनचा तो त्रास नाही.

लेकीचा_बाबा: बापरे, व्हिन्क्रिस्टिन परवाच आहे. सकाळी राउंडला हेच आधी विचारतो. आजचं कल्चर गेलंय, रिपोर्ट आला की इथे टाकतो.