उत्तर थायलंड लहान गटाबरोबर पाहावा का? खान्देशातून जाऊन आलेल्यांचा सल्ला हवा आहे

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर मी, माझी पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी असे तिघे थायलंडला जाण्याच्या विचारात आहोत. समुद्रकिनारे आणि बाजार एवढ्यासाठी आम्हाला जायचे नाही. तिथली खेडी, डोंगर, देवळे आणि माणसे पाहावीत, थोडे चालावे, थोडी सायकल चालवावी, असे तिघांच्याही मनात आहे. एका सहल कंपनीने बारा जणांच्या गटाचा दहा दिवसांचा कार्यक्रम पाठवला आहे. त्यात दोन दिवस बँकॉक, एक दिवस अयुथ्या, रात्रीच्या रेल्वेने चिआंग माई, डोंगरात पायी जाऊन एक रात्र करेन लोकांच्या गावात मुक्काम, एक दिवस हत्ती, मग लांब मानेच्या स्त्रियांचे म्हणून ओळखले जाणारे गाव, आणि शेवटी विमानाने दक्षिणेला खाओ सोकच्या जलाशयावर तरंगत्या झोपड्यांमध्ये दोन रात्री, असे सगळे बसवले आहे.

चालण्याची फारशी काळजी नाही. मुलगी आणि मी अस्तंब्याची यात्रा पायी केलेली आहे आणि पत्नी सप्तशृंगगडाच्या पायऱ्या न थांबता चढते. काळजी दोन गोष्टींची वाटते. पत्नी माळकरी आहे, त्यामुळे मासळीचा अंशही तिला चालणार नाही. दुसरे असे, की होळीच्या दिवसांत सातपुड्यातल्या पाड्यांवर बाहेरून आलेली मंडळी नाचणाऱ्यांच्या तोंडासमोर कॅमेरे धरतात, ते पाहून मला फार वाईट वाटते. तसेच आपण दुसऱ्यांच्या गावात जाऊन करू नये, असे मनापासून वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

सातपुड्याची वाट (शहादा)

भाऊ, आपण विचारलेला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, म्हणून त्याचेच उत्तर विस्ताराने देतो. आधी कार्यक्रमाबद्दल स्पष्ट सांगतो. दहा दिवसांत उत्तर आणि दक्षिण दोन्ही करू नका. चिआंग माईहून खाओ सोकला जायचे म्हणजे विमान, मग सुरत थानीहून मोटार, मग होडी, असा अख्खा दिवस जातो. खाओ सोक सुंदर आहे यात शंका नाही. धरणाच्या पाण्यातून चुनखडीचे सरळसोट कडे वर आलेले दिसतात. परंतु तो देशातल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी एक आहे आणि नोव्हेंबरमध्येही तिथे पावसाची शक्यता राहते. दक्षिण वगळा आणि वाचलेले दिवस डोंगरासाठी ठेवा.

करेन ही थायलंडच्या डोंगरी जमातींमधली सर्वांत मोठी जमात आहे. त्यांच्या गावात एकच रात्र राहायचे म्हणजे संध्याकाळी दमून पोहोचायचे, जेवायचे, झोपायचे आणि सकाळी छायाचित्रे काढून निघायचे. ज्याचा आपल्याला संकोच वाटतो ते नेमके अशा घाईतून घडते. दोन रात्री राहिलात तर मधला पूर्ण दिवस गावाच्या चालीने जातो. बायका कमरेला पट्टा बांधून मागावर बसतात. मागाचे एक टोक घराच्या खांबाला आणि दुसरे त्यांच्या स्वतःच्या कमरेला असते, त्यामुळे ताण हवा तसा सैल-घट्ट करण्यासाठी त्या नुसत्या मागे-पुढे रेलतात. लग्न न झालेल्या मुलींचा पारंपरिक पोशाख पांढरा आणि लांब असतो, तर विवाहितेचा दोन भागांचा आणि रंगीत. या गोष्टी शेजारी बसून, वेळ देऊन पाहिल्या तर समजतात, आणि मग कॅमेरा काढायचा की नाही हे विचारण्याइतकी ओळखही झालेली असते.

दोइ इंथानोन हे 2,565 मीटर उंचीचे, थायलंडमधले सर्वांत उंच शिखर आहे. त्याच्या उतारावरचे मे क्लांग लुआंग हे करेन गाव कंपनीला जरूर सुचवा. भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेती, गावातच पिकणारी कॉफी आणि गावातलाच वाटाड्या, असा तिथला प्रकार आहे. या उत्तरेकडच्या डोंगरांत पूर्वी अफूचे पीक घेतले जाई. राजे भूमिबोल यांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या राजप्रकल्पाने कॉफी, फळे, भाजीपाला आणि फुले अशी दुसरी पिके लोकांच्या हाती दिली. शेतकऱ्याला पीक सोड म्हणायचे तर त्याच्या हातात दुसरे पीक आणि त्याचा बाजार दोन्ही द्यावे लागतात, हे आपल्या कापसाच्या पट्ट्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको, आणि म्हणूनच मला ते डोंगर फार जवळचे वाटले. शिखराजवळची किउ मे पान ही पायवाट पावसाळ्यात, साधारण जून ते ऑक्टोबर, बंद असते. नोव्हेंबरमध्ये ती उघडलेली असते. वर पहाटे चांगलीच थंडी पडते, तेव्हा स्वेटर न्यावाच लागेल.

लांब मानेच्या गावाबद्दल माझे मत असे, की ते वगळावे. गळ्यात पितळी कडी घालणारी ती कायान जमातीची मंडळी मुळात म्यानमारमधल्या संघर्षामुळे सीमा ओलांडून आलेली आहेत. अनेक ठिकाणी पर्यटकांसाठीच वस्ती वसवून प्रवेशशुल्क आकारले जाते, आणि त्यातले किती त्या स्त्रियांच्या हातात पडते हे पाहुण्याला कळायला मार्ग नसतो. हत्तींबद्दलही कंपनीला स्पष्ट विचारा. 1989 मध्ये थायलंडने जंगलातली लाकूडतोड बंद केली. तोवर ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत बेकार झाले आणि पर्यटनाकडे वळले. जिथे पाठीवर बसवत नाहीत, खेळ करून घेत नाहीत आणि पाण्यात हत्तीला घासायला लावत नाहीत, फक्त अंतरावरून चरताना पाहू देतात, अशीच जागा निवडा. कार्यक्रमपत्रिकेत ‘अभयारण्य’ असे छापलेले असले तरी तिथे दिवसभर काय चालते हे विचारून घ्या, कारण नाव काहीही ठेवता येते.

धुळ्याची वाचक

वहिनींसाठी लिहिते, कारण मी स्वतः कांदा-लसूणही न खाणाऱ्या सासूबाईंबरोबर चिआंग माईला राहून आले आहे. अडचण मांसाची फारशी येत नाही, कारण ते ताटात दिसते. माशापासून केलेला पातळ सॉस, ज्याला ते ‘नाम प्ला’ म्हणतात, आणि कोळंबीची आंबवलेली पेस्ट मात्र भाज्यांमध्ये, आमटीत, अगदी कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतही असते आणि दिसत नाही. नुसते शाकाहारी म्हटले तर समोरच्याला वाटते की मांसाचे तुकडे काढून टाकले म्हणजे झाले. त्याऐवजी ‘जे’ असे सांगावे. पिवळ्या पाटीवर किंवा पताकेवर लाल अक्षरात हे चिन्ह लावलेली दुकाने शहरात बरीच असतात. तिथे मांस, मासे, अंडी, दूध, कांदा आणि लसूण यांपैकी काहीच वापरत नाहीत. चिनी परंपरेतून आलेला तो व्रताचा आहार आहे. माळकरी माणसाला याहून निश्चिंत जेवण परदेशात मिळणे कठीण.

डोंगरातल्या गावात मात्र अशी दुकाने नसतात. तिथे वाटाड्याला निघण्यापूर्वीच बजावून सांगावे, म्हणजे तो वहिनींपुरती भाजी वेगळ्या कढईत करायला लावतो. उत्तरेकडे चिकट भात वाफवून बांबूच्या छोट्या टोपलीत देतात आणि तो हातानेच खातात. त्याच्याबरोबर भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि बारके कांदे खलबत्त्यात कुटून केलेले एक तोंडीलावणे येते. चवीला ते आपल्या ठेच्याचे भावंडच आहे, मात्र त्यातही नाम प्ला घालतात, म्हणून आधी विचारावे. आपली शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि पहिल्या दोन दिवसांपुरत्या दशम्या बरोबर असू द्याव्यात.

देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. भिक्षूंना स्त्रियांनी स्पर्श करायचा नसतो, आणि काही द्यायचे झाले तर ते त्यांच्या समोरच्या पात्रात किंवा कापडावर ठेवावे. अयुथ्याला वट महाथात येथे झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धाचे दगडी मस्तक आहे. तिथे छायाचित्र काढायचे तर खाली बसून, आपले डोके त्या मस्तकापेक्षा खाली ठेवून काढतात. मुलीला हे आधीच सांगून ठेवा. 1767 मध्ये बर्मी सैन्याने ते शहर उद्ध्वस्त केले तेव्हापासून उभ्या असलेल्या भग्न मूर्तींच्या रांगा पाहताना मन फार जड होते. अजिंठा आपल्या इतक्या जवळ असल्यामुळे असेल, पण त्या दिवसाची घाई करू नये असे मला वाटते.

केळीबाग (रावेर)

दिवाळीनंतर जाणार असाल तर त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासच जा. लोय क्राथोंग हा त्यांचा सण साधारण त्याच सुमारास येतो. केळीच्या खोडाची तीन-चार बोटे जाड चकती कापतात, तिच्याभोवती केळीच्या पानांच्या पट्ट्या पाकळ्यांसारख्या दुमडून टाचतात, मध्ये फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती ठेवतात आणि नदीत सोडतात. खोडाच्या आतल्या पोकळ कप्प्यांत हवा असल्यामुळे ती चकती पाण्यावर सुरेख तरते. थर्माकोलच्या चकत्या नदीत कुजत नाहीत म्हणून आता पुन्हा केळीच्याच वापरा, असा आग्रह तिथे धरला जातो. घड कापल्यावर उरलेल्या खोडाचे काय करायचे, हा प्रश्न ज्याच्या शेतात दर हंगामाला उभा राहतो, अशा माझ्यासारख्याने ते काम करणाऱ्या बायकांजवळून हलूच नये असे होते. चिआंग माईला याच दिवसांत कागदी आकाशदिवेही सोडतात. त्यामुळे तिथल्या विमानांच्या वेळा बदलतात किंवा काही उड्डाणे रद्द होतात, हे ध्यानात ठेवून तिकिटे काढा.

वहिनींसाठी आणखी एक पदार्थ सांगतो. चिकट तांदूळ, नारळाचे दूध आणि पिकलेले केळे केळीच्याच पानात बांधून वाफवतात. त्याला ‘खाओ तोम मात’ म्हणतात. सकाळच्या बाजारात तो सर्वत्र मिळतो आणि वाटेत चालताना पोटाला आधार होतो.

मे महिन्याच्या सुट्टीचा विचार मात्र करू नका. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उत्तरेत शेतातले काड आणि रान जाळल्यामुळे धूर साचून राहतो, समोरचा डोंगरही दिसत नाही, आणि त्यानंतर पाऊस सुरू होतो.

रात्रपाळी (जळगाव)

कागदपत्रांपुरते लिहितो. 1 मे 2025 पासून थायलंडमध्ये प्रवेशासाठी डिजिटल आगमन-पत्र भरावे लागते. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते. पैसे मागणारी संकेतस्थळे खासगी असतात, त्यांच्या नादी लागू नये. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. मुलगी स्कूटर चालवणार असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, त्यावर दुचाकीची नोंद आहे ना हे तपासा आणि विम्याच्या कागदात दुचाकीचा अपघात धरला आहे का तेही वाचा. रात्रीच्या रेल्वेत दुसऱ्या वर्गाची खालची जागा मागा. ती वरच्यापेक्षा रुंद असते आणि सकाळी खिडकीतून डोंगर दिसतात.

तापीकाठ (भुसावळ)

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. दक्षिणेचा भाग आणि लांब मानेचे गाव वगळून करेन गावात दोन रात्री द्याव्यात, असे मी कंपनीला कळवले. तयार कार्यक्रम बदलता येत नाही, असे त्यांचे उत्तर आले. त्यामुळे आता दुसऱ्या दोन ठिकाणी विचारणा केली आहे. अयुथ्याऐवजी सुखोथाई घ्यावे, म्हणजे उत्तरेच्या वाटेवर पडेल, असे मुलीचे म्हणणे आहे. तिथे सायकलवरून अवशेष पाहता येतात, असे तिने वाचले आहे. हे योग्य होईल का?

सातपुड्याची वाट (शहादा)

मुलीचे म्हणणे अगदी योग्य आहे. सुखोथाईचे अवशेष तेराव्या शतकापासूनच्या राजधानीचे आहेत. सपाट, झाडीचा परिसर, कमळांची तळी आणि तुरळक गर्दी, त्यामुळे सायकल तिथे फार सुखाची होते. फक्त रेल्वे त्या गावाला जात नाही. फित्सानुलोक स्थानकावर उतरून पुढे बसने साधारण तासाभरात पोहोचता येते. एक रात्र तिथे काढा आणि सकाळी लवकर सायकली घ्या, कारण अकरानंतर ऊन चढते.