फ्रँकफर्ट–दिल्ली–पुणे: एक बॅग बेपत्ता, दुसरीचं चाक तुटलं, कंपनी म्हणते "२० हजारांच्या वर नाही"

सहकारनगर_९

नमस्कार मंडळी. आई-बाबांचं तिकीट पुणे–दिल्ली–फ्रँकफर्ट आणि त्याच मार्गाने परत, सगळं एकाच पीएनआरवर. दिल्ली–फ्रँकफर्ट परदेशी कंपनी, दिल्ली–पुणे भारतीय कंपनी. परतताना दिल्लीत कस्टम्ससाठी दोन्ही बॅगा पट्ट्यावरून उचलल्या आणि ट्रान्सफर काउंटरवर पुन्हा दिल्या. गुरुवारी रात्री लोहगावला एकच आली. हरवलेल्या बॅगेचा पीआयआर (विमानतळावरची सामानाची तक्रारनोंद) तिथेच करून घेतलाय. आलेल्या बॅगेचं एक चाक मुळापासून उखडलंय, खालच्या कोपऱ्याला तडा आहे. हे घरी आल्यावर दिसलं, त्यामुळे तिची नोंद कुठेच नाही. आज मंगळवार.

भारतीय कंपनीचं म्हणणं: बॅग देशांतर्गत टप्प्यात गेली, म्हणून जास्तीत जास्त २०,००० रुपये. परदेशी कंपनी म्हणते, दिल्लीत बॅग तुमच्या हातात दिली, आमचा संबंध संपला. चाकाबद्दल फोनवर सांगितलं की विमानतळ सोडल्यावर तक्रार घेत नाही, फार तर ३,००० चं व्हाउचर देऊ. यातलं खरं किती? हरवलेल्या बॅगेत दोघांचे कपडे, बाबांची दोन महिन्यांची औषधं, भेटवस्तू होत्या. निम्म्या गोष्टींची बिलं नाहीत.

टॅगतपासनीस

बाकी चर्चा नंतर वाचा, आधी चाकाचा मेल पाठवा. आजच.

"विमानतळ सोडलं की संपलं" हे काउंटरवरचं ठरलेलं वाक्य आहे, कायद्यात ते नाही. माँट्रियल कराराच्या (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात कंपनीची जबाबदारी ठरवणारा करार) कलम ३१ नुसार खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत करायची असते. दिवस कॅलेंडरचे धरायचे, शनिवार-रविवार वगळायचे नाहीत. तुमचा गुरुवार अजून यायचाय. मुदतीत तक्रार "पाठवलेली" असली की पुरते, पण "लेखी" या शब्दाला पर्याय नाही. फोन आणि चॅट धरू नका. मुदत हुकली तर दावाच बंद होतो, अपवाद फक्त कंपनीने फसवणूक केल्याचा.

विमानतळावर न बोलता बॅग घेऊन आलात, याचा अर्थ इतकाच की बॅग धड मिळाली असं गृहीत धरलं जातं. ते खोडून काढण्याचं ओझं तुमच्यावर येतं, म्हणून फोटो नीट लागतात. एका फोटोत टॅग आणि तुटकं चाक एकत्र दिसलं पाहिजे. टॅग अजून हँडलला असेल तर काढू नका. एक फोटो तड्याचा जवळून, एक उखडलेल्या जागेचा (स्क्रू ओढून निघालेत की प्लास्टिक फाटलंय ते दिसेल असा), एक पूर्ण बॅगेचा.

मेलमध्ये पीएनआर, दहा आकडी टॅग नंबर, विमान क्रमांक, तारीख, काय तुटलंय ते दोन ओळींत, आणि "दुरुस्तीचा खर्च किंवा बॅगेची किंमत भरून द्यावी" अशी स्पष्ट मागणी. दोन्ही कंपन्यांच्या तक्रार विभागाला एकाच मेलमध्ये. वेबसाइटवर फॉर्म असेल तर तोही भरा आणि शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. पुष्कळ फॉर्म पोच पाठवतच नाहीत.

बॅग दुरुस्त करू नका, टाकूनही देऊ नका. रविवार पेठेतल्या किंवा कॅम्पातल्या बॅगदुरुस्तीवाल्याकडून छापील बिलावर अंदाजपत्रक घ्या. त्यात "चाक बदलणे, इतके रुपये" एवढंच नको. "चाकाची बैठक बाहेरच्या आघाताने फुटली, कवचाला तडा, दुरुस्ती शक्य / शक्य नाही" असं लिहून शिक्का घ्या. कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: चाकं आणि हँडल ही नेहमीची झीज. कराराने सूट दिली आहे ती बॅगेतल्याच मूळ दोषाला. गुळगुळीत झालेलं चाक ही झीज झाली. कवचासकट फुटलेली बैठक झीज कशी? तडा आणि चाक एकाच कोपऱ्यात असतील तर ते आवर्जून लिहा, बॅग त्या कोपऱ्यावर आदळल्याचं त्यातून दिसतं.

एक तपासा: टॅगवर किंवा टॅगच्या मागे "लिमिटेड रिलीज" (कंपनीची जबाबदारी मर्यादित) अशी खूण आणि आईंची सही आहे का? आधीच तडकलेली, फार भरलेली किंवा नाजूक बॅग घेताना काउंटरवाले ती सही घेतात आणि नंतर तेच कागद पुढे करतात. नसेल तर उत्तम.

मधली_पेठ

डीजीसीएकडे (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) टाका सरळ. ५ ते १० हजार भरपाईचा नियम आहेच की त्यांचा.

कलमकसाई

@मधली_पेठ, तो नियम वेगळा. ५,०००, ७,५०० आणि १०,००० हे आकडे विमान रद्द झाल्याच्या भरपाईचे आहेत. सामानाचा त्यात संबंध नाही. दरवेळी हीच सरमिसळ होते.

आता मूळ मुद्दा. २० हजारांची मर्यादा खरी आहे, पण ती देशांतर्गत प्रवासाची. तुमचा प्रवास देशांतर्गत नव्हताच. माँट्रियल कराराचं कलम १(३) सांगतं: लागोपाठच्या कंपन्यांनी केलेली वाहतूक दोन्ही बाजूंनी एकच व्यवहार म्हणून ठरली असेल तर ती अखंड एक वाहतूक, आणि त्यातला एखादा टप्पा पूर्णपणे एका देशात पडला म्हणून तिचं आंतरराष्ट्रीय स्वरूप जात नाही. एक पीएनआर, एक तिकीट हा त्याचा पुरावा. हा करार भारतात ३० जून २००९ पासून लागू आहे आणि १९७२ च्या विमानवाहतूक कायद्याचं तिसरं परिशिष्ट म्हणून तो आपलाच कायदा आहे. दिल्लीत कस्टम्ससाठी बॅग दोन मिनिटं हातात घेतली म्हणून करार तुटत नाही.

(उलट उदाहरणही लक्षात ठेवा. दिल्लीपर्यंत एक तिकीट आणि स्वस्त मिळालं म्हणून दिल्ली–पुणे वेगळ्या साइटवरून काढलेलं दुसरं तिकीट असेल, तर दुसऱ्या टप्प्याला २० हजारच. तिकिटात वाचवलेले हजार-दोन हजार असे अंगावर येतात.)

करारातली मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, दर त्यांच्या साइटवर रोज मिळतो. रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास धरा. जुने १,१३१ आणि १,२८८ हे आकडे अजून जागोजागी छापलेले दिसतात, उत्तरात तसला आकडा आला तर तारखेसकट दुरुस्त करा. ही कमाल मर्यादा आहे, ठोक रक्कम नव्हे. नुकसान जितकं दाखवाल तितकंच मिळणार.

आणि ती माणशी आहे, बॅगेमागे नाही. बॅगेत दोघांचं सामान होतं ना? मग टॅग एकाच्याच नावावर असला तरी दोघांच्या वस्तूंच्या वेगळ्या याद्या करा आणि दोघांच्या सहीचे दोन दावे करा. सहप्रवाशाच्या बॅगेत ठेवलेल्या सामानाचा दावा स्वतंत्रपणे करता येतो, असा निकाल युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये याच करारावर दिला आहे. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला चालतो.

टोलवाटोलवीचं उत्तर कलम ३६ मध्ये आहे. सामानाच्या बाबतीत पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि ज्या टप्प्यात नुकसान झालं ती, यांच्यावर प्रवासी दावा करू शकतो आणि त्यांची जबाबदारी एकत्रितपणे आणि वेगवेगळी अशी दोन्ही असते. कोणाची चूक हे त्यांनी आपसात ठरवावं. पीआयआर शेवटच्या कंपनीकडे आहे, मुख्य दावा तिथेच ठेवा. परदेशी कंपनीला प्रत.

धावपट्टी_चौदा

शोधाच्या बाजूचं थोडं.

पीआयआरच्या कागदावर दहा अक्षरी संदर्भ असेल: पहिली तीन अक्षरं विमानतळाची (पुण्याची पीएनक्यू), पुढची दोन कंपनीची, मग पाच आकडे. तो वर्ल्डट्रेसरमध्ये (विमान कंपन्यांची सामान शोधायची ऑनलाइन यंत्रणा) टाकून नोंद स्वतः बघा. रात्रीच्या गर्दीत बॅगेचा रंग आणि प्रकार चुकीचा टाकला जातो आणि मग जुळणी होत नाही. टॅग निघून गेलेल्या बॅगा वर्णनावरूनच जुळवतात. "निळी ट्रॉली" अशा शेकड्याने असतात. आतल्या वस्तू लिहून द्या, त्याही वेगळ्या ओळखू येणाऱ्या: स्टीलचा डबा, अमुक औषधाच्या पट्ट्या, जर्मन दुकानाची पिशवी. ओळखपट्टी आत शोधतात, म्हणून नाव-पत्ता आतही ठेवायचा असतो, पुढच्या वेळी.

दुसरं, स्कॅनचा इतिहास लेखी मागा. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या ठराव ७५३ प्रमाणे जून २०१८ पासून सदस्य कंपन्यांनी बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवायची असते: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, एका कंपनीकडून दुसरीकडे देताना, आणि प्रवाशाला परत देताना. दिल्लीच्या ट्रान्सफर काउंटरवर स्कॅन झालेली आणि पुण्याच्या विमानात न चढलेली बॅग दिल्लीतच कुठेतरी आहे. स्कॅनच झाली नसेल तर ती काउंटरच्या मागच्या पट्ट्यावरून चुकीच्या गाडीत गेली असण्याची शक्यता जास्त, मग शोध वेगळ्या दिशेने करावा लागतो.

२१ दिवस झाले आणि बॅग आली नाही, किंवा त्याआधीच कंपनीने हरवल्याचं मान्य केलं, की हरवल्याचा दावा करता येतो. गुरुवारपासून मोजा. तोवर औषधांचा खर्च थांबवू नका. घरच्या गावी परत आल्यावर साबण-कपड्यांचे पैसे कंपन्या सहसा नाकारतात, घरी आहेतच म्हणून. औषधांना ते कारण लावता येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि केमिस्टचं जीएसटीचं बिल, बाबांच्या नावाचं.

सहकारनगर_९

फार उपयोगी. चाकाचा मेल दोन्हीकडे गेला. दोन शंका: बिलं नसलेल्या वस्तूंचं काय? आणि भारतीय कंपनीने आत्ताच ५,००० "तातडीची मदत" म्हणून एक फॉर्म पाठवलाय, सही करावी का?

कलमकसाई

फॉर्ममध्ये "फुल अँड फायनल" किंवा "पुढे कोणताही दावा राहणार नाही" असं वाक्य आहे का ते शोधा. बहुतेक वेळा तळाशी, बँकेच्या तपशिलाच्या वर असतं. असेल तर सही नको. मेलवर कळवा: रक्कम अंतरिम म्हणून, उरलेला हक्क राखून स्वीकारतो. तसं मान्य असेल तर ते पैसे देतात, नसेल तर ५,००० साठी पावणेदोन लाखांची दारं लावून घेण्यात अर्थ नाही. चाकाचं ३,००० चं व्हाउचर वेगळं प्रकरण. अंदाजपत्रक त्याहून कमी आलं तर घेऊन टाका, मात्र त्या कागदावर फक्त खराब झालेल्या बॅगेचा टॅग नंबर हवा, हरवलेल्या बॅगेचा नको.

टॅगतपासनीस

बिलं नसली तरी चालतं, यादी विश्वास बसण्यासारखी लागते. वस्तू, केव्हा घेतली, तेव्हाची किंमत, पुरावा असे रकाने करा. पुरावा म्हणून कार्डाचं स्टेटमेंट, यूपीआयची नोंद, ऑनलाइन ऑर्डरचा मेल, तो शर्ट घातलेला फोटोसुद्धा चालतो. परकीय चलनात घेतलेल्या भेटवस्तूंना कार्ड स्टेटमेंट सर्वांत भक्कम.

मग बोर्डिंग पासला चिकटवलेल्या टॅगच्या पावतीवर वजन बघा. यादी त्या वजनात बसली पाहिजे. रिकामी मोठी ट्रॉली चार-पाच किलो, उरलेल्यात तुमची यादी. १६ किलोच्या बॅगेत नऊ जोड्या बूट लिहिले की अख्खा दावा संशयात जातो. दोघांचं वजन एकत्र धरलं असेल तर पावतीवर एकूण बॅगा आणि एकूण वजन येतं, ते वाचताना गोंधळू नका.

जुन्या कपड्यांवर घसारा लावतातच. करारात त्याचं कोष्टक नाही, त्यामुळे सरसकट अर्धी किंमत लावली तर कुठल्या आधारावर ते विचारा. दागिने, रोकड, लॅपटॉप कंपनीच्या नियमावलीत वगळलेले असतात. करारापेक्षा कमी जबाबदारी ठरवणारी अट कलम २६ ने रद्द ठरते असा वाद घालता येतो, पण तो ग्राहक आयोगापुढे. काउंटरवर घालून उपयोग नाही.

बिनफी

आयोगाचं मी लिहितो. आधी एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार, सोबत १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. यातून निम्मी प्रकरणं पुढे सरकतात ती केवळ कंपनीच्या दुसऱ्या टेबलावर जातात म्हणून. महिनाभरात हालचाल नसेल तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग, अर्ज ई-जागृती या आयोगाच्या पोर्टलवर घरून करता येतो. शुल्कासाठी मोजायची ती मोबदल्याची रक्कम, म्हणजे तिकिटाचे पैसे. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही.

पुण्यात दावा चालतो का यावर कंपनी पहिली हरकत घेईल. २०१९ च्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथे दावा करता येतो. शिवाय माँट्रियलच्या कलम ३३ मध्ये प्रवासाचं अंतिम ठिकाण हाही एक आधार आहे, आणि पुण्यातून निघून पुण्यात परतायच्या तिकिटाचं अंतिम ठिकाण पुणेच. हेच तिकीट मुलाने तिकडून फ्रँकफर्ट–पुणे–फ्रँकफर्ट काढलेलं असतं तर ते फ्रँकफर्ट झालं असतं. मुदत दोन वर्षं, कंपनीशी मेलामेली चालू आहे म्हणून ती वाढत नाही.

प्रवास विमा होता का बघा. असेल तर विमा कंपनीला आजच कळवा, प्रत्येक पॉलिसीत कळवण्याची मुदत वेगळी. त्यांना पीआयआर आणि विमान कंपनीचं "बॅग सापडली नाही" असं पत्र लागतं. ते पत्र मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

धावपट्टी_चौदा

आणि बॅग सापडलीच तर: घरपोच आणणारा माणूस पावतीवर सही मागतो आणि घाईत असतो. त्याच्यासमोर उघडा, कुलूप आणि चेन बघा, काही कमी किंवा फुटलेलं दिसलं तर सहीशेजारीच लिहा, आणि तारीख-वेळ स्वतःच्या हाताने घाला. उशिराच्या दाव्याचे २१ दिवस त्या तारखेपासून मोजले जातात, तुटफुटीचे ७ दिवसही. बॅग दिल्लीतून न येता परदेशातून फिरून आली तर कस्टम्ससाठी पासपोर्टची प्रत आणि कुलपाची किल्ली किंवा नंबर मागतील, तो मेलवरच कळवा म्हणजे कुलूप तोडणार नाहीत.