मदत हवी आहे: कुडाळ ते मुंबई विमानाने, आईसोबत, श्रावणात

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पुढच्या तपासणीला मुंबईला न्यायचंय, दुपारी 3 ची वेळ आहे, अंधेरीत. दरवेळी कोकणकन्येनेच जातो, पण आता तिला रात्रभर बर्थवर पाय दुमडून ठेवणं जमत नाही. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू आहे, त्यामुळे गाड्या आणखी हळू.

म्हणून विमान बघतोय. चिपी विमानतळ (सिंधुदुर्ग) जवळ, पण आमच्या तारखेला सोयीचं विमान नाही. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून सकाळी 10:40 चं मिळतंय. मोपा-मुंबई हवाई अंतर जेमतेम 385 किलोमीटर, तरी तिकिटावर सव्वा तास दाखवतात. धावपट्टीवरचा वेळ त्यात धरलेला असतो हे कळलं. व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगणार आहे. गाडी भाड्याची, आई मागच्या सीटवर पाय लांब करून बसेल, म्हणजे ड्रायव्हरने सावकाशच चालवायला हवं.

पावसात सावंतवाडी-बांदा मार्गे मोपाला अलीकडे कोणी गेलंय का? कुडाळहून सकाळी किती वाजता निघावं? आणि मुंबईत ढगांमुळे विमान घिरट्या घालत राहिलं तर साधारण किती उशीर धरावा, 3 ची वेळ गाठता येईल का?