पेटंट संपलेली औषधंसुद्धा गरीब देशांत महाग का?

रानजाई:
मेटफॉर्मिन, अमॉक्सिसिलिन, सालब्युटामॉलचा इनहेलर, सगळी जुनी औषधं, पेटंट कधीच संपलंय, तरी कित्येक विकसनशील देशांत लोकांना परवडत नाहीत असं सारखं वाचनात येतं. मग पैसे नक्की मुरतात कुठे?

तिरपागडा:
वाटेत. आकडे नुसते हिशोबासाठी धरा हां, माल कारखान्यातून 100 ला निघाला, 10 टक्के आयातशुल्क, झाले 110, आयातदाराचे 20 टक्के म्हणजे 132, होलसेलर 15 टक्के लावतो, 151.80, आणि केमिस्टचे 30 टक्के धरले की 197. प्रत्येकजण आधीच्याच्या नफ्यावरही आपली टक्केवारी चढवतो ना. व्हॅट अजून धरलाच नाहीये! शिवाय मार्जिन टक्क्यांत असलं की केमिस्ट महागडा ब्रँडच पुढे करणार, स्वस्त जेनेरिकमध्ये त्याला सुटतं काय?

अर्धवटराव२:
सगळं खापर दुकानदारावर नको. 2001 पर्यंत एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च माणशी 10 हजार डॉलरच्या वर होता, सिप्ला या भारतीय कंपनीने तेच 350 डॉलरला देऊ केलं, कारण भारतात तेव्हा औषधावर प्रॉडक्ट पेटंटच नव्हतं (म्हणजे पेटंट खुद्द औषधावर नाही, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर मिळायचं). ते आलं 2005 ला, ट्रिप्समुळे, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारामुळे. 2012 ला नॅटको या भारतीय कंपनीला कम्पल्सरी लायसन्स (पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय औषध बनवायची सरकारी परवानगी) मिळालं तेव्हा सोराफेनिब या कॅन्सरच्या औषधाचा महिन्याचा खर्च साधारण 2 लाख 80 हजारांवरून 8,800 वर आला. दुकानदाराने कितीही ओरबाडलं तरी एवढा फरक पडत नाही.

रानजाई:
ते पटलं, पण मी पेटंट संपलेल्यांचं विचारतेय.

खरेदीविभाग:
मग सरकारी खरेदी बघा. देश छोटा, ऑर्डर त्याहून छोटी, बिल निघायला सहा-सहा महिने, त्यात चलन घसरलं तर तोटा पुरवठादाराचा, तो हे सगळं टेंडर भरतानाच भावात धरून टाकतो. म्हणून तर पाहोच्या (पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशन) स्ट्रॅटेजिक फंडातून लॅटिन अमेरिकेतले देश एकत्र खरेदी करतात, मोठी ऑर्डर दिसली की भाव आपोआप खाली येतो. पण फार पिळायचं पण नाही. बेंझाथिन पेनिसिलिन या जुन्या अँटिबायोटिक इंजेक्शनचं तेच झालं, भाव इतका पडला की कंपन्यांना रस उरला नाही, कच्चा माल बनवणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले, आणि 2015 च्या आसपास बऱ्याच देशांत इंजेक्शनच मिळेना.

तिरपागडा:
म्हणजे टेंडर एकालाच न देता दोघा-तिघांत वाटलं पाहिजे, भाव थोडा जास्त गेला तरी चालेल.