पक्षाघातानंतर स्मृतीसाठी दिलेल्या गोळ्यांचा खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न
मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने माझ्या वडिलांना काही महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. हाताची हालचाल बरीच सुधारली आहे. परंतु सकाळची गोळी घेतली की नाही हे त्यांना आठवत नाही आणि ते गोळ्यांचे पाकीट हातात धरून बराच वेळ बसून राहतात. त्यांना सिटिकोलिन आणि पिरासिटाम एकत्र असलेली गोळी सुरू आहे. तिने स्मृती परत येईल का?

प्रतिसाद १
सिटिकोलिन पेशींच्या आवरणाच्या दुरुस्तीला लागणारे घटक पुरवते, हा त्यामागचा विचार तर्काला धरून आहे. मात्र २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इक्टस’ चाचणीत स्पेन, पोर्तुगाल व जर्मनीतील २२९८ रुग्णांपैकी निम्म्यांना झटक्यानंतर २४ तासांच्या आत हे औषध सुरू केले होते, तरी ९० दिवसांनी दोन्ही गटांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. स्मृतीला थोडा लाभ झाल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. तेवढ्यावरून खात्री देणे मला योग्य वाटत नाही. फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरील औषधाचेही असेच झाले: फ्रान्समधील लहान चाचणीने आशा दाखवली, पण ब्रिटनमधील ३१२७ रुग्णांच्या ‘फोकस’ चाचणीत नैराश्य कमी झाले, हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले आणि एकूण सुधारणा मात्र तेवढीच राहिली.

प्रतिसाद २
स्मृती जपणारे औषध शोधताना आपण रक्तदाबाच्या गोळीकडे दुर्लक्ष करतो, याचे मला फार वाईट वाटते. ‘प्रोग्रेस’ चाचणीत, ज्यांना आधी झटका येऊन गेला होता अशा ६१०५ जणांपैकी पेरिंडोप्रिल व गरजेनुसार इंडापमाइड ही रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांमध्ये पुन्हा झटका येण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी आणि बौद्धिक ऱ्हासाचे १९ टक्क्यांनी कमी होते. प्रत्येक नवा झटका उरलेल्या स्मृतीवर घाव घालतो. म्हणून वडिलांचा रक्तदाब घरी मोजून वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद ३
वारांचे कप्पे असलेली डबी आणा. सोमवारचा कप्पा रिकामा दिसला की गोळी घेतल्याचे त्यांना स्वतःलाच कळेल. त्यांची उदासी, झोपेच्या तक्रारी आणि ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता यांचीही तपासणी करून घ्या, कारण यांमुळेही विस्मरण वाढते आणि त्यांवर उपचार आहेत. सिटिकोलिन पुढे चालू ठेवायचे का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. पण खर्च कमी करण्याच्या भरात रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची किंवा रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नका.