कॉलेजात नाटक करताना तुमचे दिवस (आणि शनिवार-रविवार) कसे जायचे? अनुभव सांगा

मुलुंडची आई

मुलगी यंदा एफवायबीएला, दादरच्या बाजूच्या एका कॉलेजात. नाटकाची ऑडिशन दिली, घेतलं तिला, पण रोल नाही, बॅकस्टेजला. तेव्हापासून रविवारी घरात दिसलेली नाही. शनिवारी सकाळी जी जाते ती रात्री उशिरा येते, केसात पांढरा रंग, बोटांना फेविकॉल, आणि काय केलंस दिवसभर विचारलं तर एकच उत्तर, तालीम. अगं पण एकांकिका पाऊण तासाची ना, मग दिवसच्या दिवस जातात कुठे? आमचा नाटकाशी संबंध म्हणजे रविवारी कालिदासला दुपारचा प्रयोग, मध्यंतरात वडा आणि घर. तर मुंबईत ज्यांनी ज्यांनी कॉलेजात नाटक केलंय त्यांनी लिहा की तुम्ही लोक नक्की करता काय. उपदेश नकोय, दिवस सांगा.

पॅसेजवाला

काकू मी सांगतो, मी सध्या टीवायला आहे आणि त्यातच आहे. सकाळी सातचं लेक्चर (बसतो, खरंच बसतो, हजेरीचं लफडं असतं), मग कट्टा, कट्ट्यावर स्क्रिप्टच्या झेरॉक्स फिरत असतात, आणि चारनंतर तालीम. हॉल आम्हाला क्वचित मिळतो कारण तिथे कधी सेमिनार कधी डान्सवाले, मग दुसऱ्या मजल्याचा पॅसेज. खडूने स्टेज आखायचं, इथे विंग, इथे दार, इथे खिडकी, आणि त्या नसलेल्या दाराऐवजी कोणी नसलेल्या भिंतीतून आत आला की डायरेक्टर ओरडतो. आधी ओंकार, आवाजाचे व्यायाम, कच्चा पापड पक्का पापड, मग ब्लॉकिंग (कोणी कुठून कुठे जायचं ते), आणि मग एकच एन्ट्री परत परत परत. वॉचमनमामा किल्ल्या वाजवत आले की आवरायचं, पण आवरत कोणीच नाही, उरलेली तालीम गेटबाहेर रस्त्यावर चालू राहते. एकदा बाप-मुलीच्या भांडणाचा सीन चालला होता तर एक आजोबा खरंच मध्ये पडले, आमच्या बापाला म्हणाले लाज नाही वाटत पोरीवर हात उगारायला? तो 'बाप' एकोणीस वर्षांचा आहे हो. डायरेक्टर एवढा खूश झाला की सगळ्यांना कटिंग पाजला.

आणि वर्षाचं म्हणाल तर पावसाळ्यात विद्यापीठाचा युवा महोत्सव, त्याच्या आगेमागे आयएनटीची एकांकिका स्पर्धा, मग लोकसत्ताची लोकांकिका, मग जानेवारीपर्यंत ह्या ना त्या स्पर्धा. मध्ये सेमिस्टरच्या परीक्षा पण होतात, अधूनमधून.

छबिलदासचा प्रेक्षक

ताई, आमचा काळ वेगळा, 1980 च्या आसपासचा. 'आविष्कार'ने 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकं सुरू केली होती, अरुण काकडे, सुलभा देशपांडे, अरविंद देशपांडे ही मंडळी. आम्ही कॉलेजची पोरं तिथे खुर्च्या मांडायला जायचो, मांडणाऱ्याला तिकीट विचारत नसत. ना नीट पडदा ना पोटमाळ्यावरची बाल्कनी, नट इतक्या जवळ की त्याच्या कपाळावरचा घाम दिसायचा, आणि नाटकातला माणूस गप्प झाला की बाहेरून स्टेशनचा गोंगाट आत यायचा. आमचा रविवार म्हणजे सकाळी स्वतःची तालीम, दुपारी शिवाजी मंदिरला बाल्कनीत, संध्याकाळी छबिलदास. एकाच दिवसात दोन्ही बघितलं की डोकं भणभणायचं, दुपारी टाळ्या घेणारं नाटक आणि रात्री टाळ्या वाजवाव्यात की नाही हेच कळत नाही असलं नाटक. मधल्या वेळात त्याच गल्लीतला वडापाव. नाटक करायला मी त्या दोन जागी बसून शिकलो, कॉलेजात नाही. तुमच्या मुलीला बघायला पाठवा, नुसती तालीम करून काय होतं.

पॅसेजवाला

काका, आता पण जातो की आम्ही, पृथ्वीला, यशवंतला, दीनानाथला. पृथ्वीला फक्त वेळेवर पोचायला लागतं, उशीर झाला की आत घेत नाहीत, मग बाहेर चहा पीत बसायचं.

प्रॉपर्टीवाली

काकू, बॅकस्टेजला आहे म्हणजे तुमच्या मुलीचं नशीब जोरात आहे, मुंबई बघून होणार तिची. मी तीन वर्षं प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळली. शनिवार हा खरेदीचा दिवस कारण रविवारी त्या भागातले बरेचसे बाजार बंद असतात. डायरेक्टर कागदावर लिहून देतो, कंदील, डायल फिरवायचा फोन, ट्रंक, मडकी, एक म्हातारीचा चष्मा, आणि बजेट विचारलं की वर बघतो.

फोन, कंदील, जुनी घड्याळं यासाठी चोर बाजार, म्हणजे मटण स्ट्रीट. शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात, रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, त्यात मजा असते पण लिस्टमधलं काही मिळेल याची खात्री नाही. तिथे पहिला नियम, तोंडातून शूटिंग हा शब्द काढायचा नाही. दुकानदार स्वतःच विचारतो, शूटिंग है क्या? हो म्हटलात की भाव चढलाच. कॉलेजचं आयकार्ड गळ्यात लटकवून जायचं, चेहरा गरीब ठेवायचा आणि विकत नको, दोन दिवसांसाठी द्या, अनामत ठेवतो म्हणायचं. अर्धे हाकलतात, अर्धे देतात. एक चाचा तर वस्तू द्यायचे आणि वर गोष्ट काय आहे ते विचारायचे, आम्ही सांगायचो, मग ते म्हणायचे, इस में फोन क्यों बजता है, चिठ्ठी आनी चाहिए. आणि खरंच चिठ्ठी बरी वाटली, फोन परत केला.

मडकी धारावीच्या कुंभारवाड्यातून, तडा गेलेली मागायची, नाहीतरी स्टेजवर फोडायचीच असतात. खोटे दागिने, लेस, जरीचं काय हवं ते भुलेश्वरला. कापड मंगलदास मार्केट. वायरी, होल्डर, बल्ब लोहार चाळीत. धारावी सोडून बाकी सगळं एका शनिवारात करायचं असेल तर सीएसएमटीला उतरा आणि चालत सुटा, बस-टॅक्सीच्या नादाला लागू नका, त्या गर्दीत चालणाराच आधी पोचतो.

लगेजचा डबा

प्रॉपर्टी हातात तरी मावते हो, सेटचं काय. टेंपोला पैसे नसायचे म्हणून आमचा सेट लोकलच्या लगेजच्या डब्यातून जायचा. आमचं नेपथ्य दिग्दर्शकाने नाही, लगेजच्या डब्याच्या दाराने ठरवलेलं असायचं, त्यातून आत जाईल तेवढीच भिंत, त्याहून मोठी असेल तर मधून कापून बिजागरी लावायची. फ्लॅट (म्हणजे सेटची भिंत), लेव्हल (उंचवटे), खिडकी, सगळं घडीचं.

एका रविवारी गिरगावात साहित्य संघाला प्रयोग, आम्ही ठाण्याकडून येणार आणि नेमका मेगाब्लॉक. स्लो गाड्या फास्ट लाइनवरून, जी येईल ती भरलेली, लगेजच्या डब्यात तर पाय ठेवायला जागा नाही. दोन गाड्या सोडल्या, तिसरीत घुसलो, माझ्या हातात दाराची रिकामी चौकट. आत पाट्या घेऊन बसलेल्या कोळणी. एक मावशी म्हणते, दार घेऊन कुठं चाल्लास रं, घर पळालं का तुझं? पूर्ण डबा हसला, मग त्याच मावशीने पाट्या सरकवून जागा करून दिली आणि नाटकात काय आहे ते विचारलं. सून-सासूचं नाही म्हटल्यावर तिचा इंटरेस्ट गेला.

खरा तमाशा दादरला. चर्नी रोडला जायचं म्हणजे तिथे पूल चढून वेस्टर्नला. चौकट आडवी धरली तर लोकांना लागते म्हणून उभी धरून चाललो, तर समोरून येणारी माणसं सरळ त्या चौकटीतून आरपार जायला लागली! कोणी थांबेना, कोणाला काही विशेष वाटेना, एका काकांनी तर आत शिरताना वाकून डोकं पण वाचवलं. मी पुलाच्या मधोमध चौकट धरून उभा आणि अर्धं दादर माझ्या दारातून ये-जा करतंय. पोचलो वेळेत. नंबर आला नाही पण तो पूल मी कोणाला विकणार नाही.

मुलुंडची आई

अहो हे वाचून ऑफिसात हसले, बाजूची विचारते काय झालं. पण मला सांगा, प्रयोग चालू असताना ही बॅकस्टेजची मुलं काय करतात? म्हणजे पडदा ओढला की काम संपलं ना?

क्यू दे

अजिबात नाही काकू. मी म्युझिक ऑपरेट करायचो. बऱ्याच स्पर्धांत सेट लावायला आणि काढायला मोजकीच मिनिटं देतात, तेवढ्यात आठ-दहा पोरं विंगेतून धावत येऊन घर उभं करतात आणि त्याचीच वेगळी तालीम होते, घड्याळ लावून, कोणी कुठला फ्लॅट उचलायचा, खिळा कोणाच्या खिशात. लाइट तर नाट्यगृहातले, त्यामुळे कुठला स्पॉट कुठे पडणार हे त्याच दिवशी कळतं. ब्लॅकआऊटमध्ये खुर्ची बरोबर जागी ठेवता यावी म्हणून स्टेजवर रेडियमचे तुकडे चिकटवतात. कपडे काळे, अंधारात दिसू नये म्हणून. नटाने दोन वाक्यं गाळली की म्युझिकवाल्याने पुढच्या क्यूवर, म्हणजे म्युझिक वाजवायच्या पुढच्या खुणेवर, उडी मारायची, नटाला कळतसुद्धा नाही की त्याला कोणी वाचवलं. आणि बाहेर पब्लिक "अरे आव्वाज कुणाचा" करत असतं, त्यात आपलं नाव कधीच नसतं.

मुलुंडची आई

तरीच काळा टीशर्ट मागत होती. मला वाटलं फॅशन.

डफलीवाला

आम्ही एकांकिका नाही, पथनाट्य. ना सेट ना लाइट, एक डफली आणि घसा. रविवारी स्टेशनबाहेर, चौपाटीवर, डिसेंबरात आयआयटीत मूड इंडिगोला. परवानगीचं पत्र खिशात ठेवायचं, पोलीस विचारतातच. रिंगण करून "आओ आओ, नाटक देखो", माणसं जमली की सुरू. ट्रेन आली की अर्धे प्रेक्षक पळतात, त्यांना धरून ठेवायला संवाद छोटे लिहावे लागतात. बास, एवढंच.

नाव नको

सगळ्यांनी गोड गोड लिहिलंय म्हणून मी जरा दुसरी बाजू लिहिते. आमच्या ग्रुपमध्ये एफवायच्या मुलांनी वर्षभर फक्त झाडू मारायचा, चहा आणायचा, सीनियरसमोर बसायचं नाही असले नियम होते आणि त्याला शिस्त म्हणायचे. झाडू मारण्यात वाईट काही नाही, स्टेज झाडल्याशिवाय स्टेज कळत नाही हे मलाही पटतं, पण सगळ्यांसमोर अपमान करणं ही शिस्त नाही. काही मुलं चांगली होती, ती त्यामुळेच सोडून गेली. त्यामुळे ताई, मुलगी दमून आली तर काळजी करू नका, गप्प होऊन आली तर विचारा. आणि रात्रीच्या प्रवासाचं म्हणाल तर तुमच्या लाइनवर राहणारी ग्रुपमधली अजून एक मुलगी शोधून तिचा नंबर घेऊन ठेवा. आम्ही लेडीज डब्यात एकत्र चढायचो, रात्री त्यात पोलीस असतो, आणि शेवटच्या गाडीची वाट बघायची नाही हे डायरेक्टरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो कुरकुरला. कुरकुरू दे.

जागरणवाला

'सवाई' कोणी लिहिलं नाही अजून? चतुरंगची सवाई एकांकिका, 25 जानेवारीच्या रात्री सुरू, 26 उजाडेपर्यंत. वर्षभर ज्या एकांकिका ठिकठिकाणी पहिल्या आल्या त्यांच्यातून निवडलेल्या, म्हणजे सगळे दादा लोक एका रात्रीत. आमची कधी पोचली नाही तिथे, आम्ही प्रेक्षक. शाली, चिवडा, ग्लुकोज बिस्किटं घेऊन बसायचो. पहाटेच्या एकांकिकेचं मला फार वाईट वाटतं, अर्धं थिएटर पेंगतंय आणि त्याला उठवायचंय, पण जी उठवते ती मग जन्मभर लक्षात राहते. तिथेच मी बघितलंय की रात्रभर एकमेकांविरुद्ध घसा फोडणारी दोन कॉलेजं सकाळी एकाच टपरीवर उधारीचा चहा पितायत, आणि एकाचा तुटलेला कंदील दुसऱ्याने बांधून दिलेला.

परळचं दामोदर गेल्याचं पण लिहायला पाहिजे कोणीतरी. 1922 सालचं नाट्यगृह, 2023 ला पुनर्विकासासाठी बंद झालं. आमच्या कित्येक प्राथमिक फेऱ्या तिथल्या. त्या विंगा मी डोळे मिटून चालू शकतो, आता चालायला विंगाच नाहीत.

मुलुंडची आई

काल रात्री मुलगी आली तेव्हा मी आपणहून विचारलं, रेडियम तू चिकटवतेस का? अशी बघायला लागली माझ्याकडे! मग जेवताना तासभर बोलत होती, बाबा झोपून गेले. तिच्याकडे ट्रंकेचं काम आहे म्हणे, हवी तशी मिळत नाहीये, चोर बाजारातला माणूस जास्त अनामत मागतोय. आमच्या माळ्यावर सासूबाईंची एक लोखंडी आहे, हिरवी, जरा गंजलीय. चालेल का अशी?

प्रॉपर्टीवाली

गंजलेली तर सोनंच काकू, रंगवायला नको. फक्त कडी आहे ना नीट? बहुतेक वेळा सीनमध्ये ती उघडून दाखवायची असते, अडकली तर नट स्टेजवर लाथा मारतात.

मुलुंडची आई

कडी आहे. कुलूपही आहे, लावलेलं. चावी कुठे आहे ते सासूबाईंनाच ठाऊक होतं.

लगेजचा डबा

पाठवा, आमच्यात एक कुलूपवाला आहे.