सबमिट दाबताच चुकीचा फॉर्म पुढे जातो, सर्व्हरचं उत्तर मागून येतं

अर्धविराम

नोंदणीचा फॉर्म आहे. सदस्यनाव, ईमेल, पासवर्ड आणि पासवर्ड पुन्हा. खाली दोन बटणं: 'नोंदणी करा' आणि 'मसुदा ठेवा'. फ्रेमवर्क कुठलंही नाही, साधी जावास्क्रिप्ट. कोड लांबलचक आहे, म्हणून शब्दांत सांगते.

रिकामा रकाना, न जुळणारे पासवर्ड, तोकडा पासवर्ड हे सगळं बरोबर अडतं. अडत नाही ती एकच तपासणी: सदस्यनाव आधीच कुणी घेतलंय का, हे सर्व्हरला विचारायचं असतं ती. सबमिटचा हँडलर (फॉर्म पाठवताना चालणारं फंक्शन) असिंक आहे, म्हणजे मध्येच थांबून उरलेलं काम नंतर करणारा. त्यात फेचनं (सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) विचारते, उत्तरासाठी अवेट करते, म्हणजे थांबते, आणि नाव घेतलेलं निघालं तर रकान्याखाली लाल संदेश दाखवून प्रिव्हेंटडिफॉल्ट ('फॉर्म पाठवू नको' असं ब्राउझरला सांगणारं फंक्शन) बोलावते.

माझ्या मशीनवर लाल संदेश क्षणभर चमकतो आणि पान पुढे निघून जातं. चाचणीच्या सर्व्हरवर तेवढंही दिसत नाही. नेटवर्क टॅबमध्ये ती तपासणीची रिक्वेस्ट लाल रंगात 'कॅन्सल्ड' म्हणून पडलेली असते, कन्सोलमध्ये मधूनच 'फेल्ड टू फेच' येतं. प्रिव्हेंटडिफॉल्टच्या जागी रिटर्न फॉल्स लिहून पाहिलं, दोन्ही एकत्र लिहून पाहिले, काही फरक नाही.

डोकं खाणारी गोष्ट पुढेच आहे. फेच काढून त्या जागी नुसतं 'नाव घेतलेलं आहे' असं खोटं उत्तर देणारं असिंक फंक्शन ठेवलं, की फॉर्म व्यवस्थित अडतो! मग खऱ्या उत्तरानं असं काय बिघडतं?

घाईत

फेच सोडा. एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट (सर्व्हरला विचारायची जुनी पद्धत) वापरा आणि ओपनला तिसरं आर्ग्युमेंट फॉल्स द्या. उत्तर येईपर्यंत स्क्रिप्ट थांबते, मग रिटर्न फॉल्सही चालतं. विषय संपला.

जुनाटब्राउझर

घाईत, चालेल हो, पण तसं करू नका. सिंक्रोनस रिक्वेस्ट उत्तर येईपर्यंत अख्खं पान गोठवते. टायपिंग बंद, क्लिक बंद, आणि नेट अडखळलं तर माणूस टॅबच मिटून टाकतो. ब्राउझर कन्सोलमध्ये या प्रकाराबद्दल इशारा देतात, आणि जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या कागदपत्रांत तिचा 'असिंक: फॉल्स' १.८ आवृत्तीपासून टाळायच्या गोष्टींत मोडतो. फेचमध्ये तर ही सोय ठेवलेलीच नाही, आणि नाही तेच बरं.

अर्धविराम, आता तुमचं दुखणं. सबमिट इव्हेंट आला की ब्राउझर हँडलरला एवढंच विचारतो: अडवू की जाऊ देऊ? उत्तर त्याला तिथल्या तिथे लागतं. हँडलर अवेटपाशी आला की तो ब्राउझरच्या हाती कारभार परत देतो. 'अडव' असं कुणी म्हटलेलं नाही, म्हणजे जाऊ द्यायचं. सर्व्हरचं उत्तर आल्यावर तुम्ही प्रिव्हेंटडिफॉल्ट बोलावता, ते गाडी सुटल्यावर लाल झेंडा दाखवण्यासारखं आहे. एरर येत नाही, नुसतं कुणी बघत नाही. आणि पान बदलायला लागलं की जुन्या पानाच्या अर्धवट रिक्वेस्ट ब्राउझर तोडून टाकतो. तुमचं लाल 'कॅन्सल्ड' त्यातलंच. सर्व्हर निर्दोष आहे, त्याच्या लॉगमध्ये शोधत बसू नका.

रिटर्न फॉल्सची गोष्ट वेगळी. असिंक फंक्शन काहीही परत करो, बाहेर येतो तो प्रॉमिसच, म्हणजे उत्तर नंतर देणारी वस्तू. तुम्ही फॉल्स दिलंत तरी ब्राउझरला मिळतं पाकीट, आत फॉल्स असलेलं, आणि ते पाकीट उघडून बघायची त्याला सवय नाही. हीच खोड आणखी दोन ठिकाणी लपते, तुमच्या कोडमध्ये एकदा शोधा. इफच्या कंसात असिंक फंक्शन अवेटशिवाय बोलावलं असेल तर ती अट कायम खरीच ठरते, कारण प्रॉमिस ही वस्तू आहे आणि अटीत कुठलीही वस्तू खरीच धरली जाते. आणि सगळ्या तपासण्या अ‍ॅरेमध्ये घालून एव्हरीला (सगळ्या खऱ्या ठरतात का ते बघणारं फंक्शन) असिंक कॉलबॅक दिला असेल, तर त्याचं उत्तर नेहमी ट्रू. तिथे प्रॉमिस.ऑल करून आधी उत्तरं गोळा करायची आणि मग एव्हरी.

खोट्या उत्तरावर का चालतं, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. त्या फंक्शनचं उत्तर आधीच तयार असतं, त्यामुळे अवेटच्या पुढचा भाग मायक्रोटास्कच्या (चालू कोड संपताच करायच्या छोट्या कामांच्या) रांगेत लागतो. माणसानं खरोखर बटण दाबलेलं असेल, तर हँडलर परतल्या परतल्या, इव्हेंटचं वाटप (तो हँडलरांपर्यंत पोचवणं) पूर्ण व्हायच्या आधीच, ती रांग रिकामी केली जाते. म्हणून तुमचा प्रिव्हेंटडिफॉल्ट वेळेत पोचतो. नेटवर्कचं उत्तर त्या फटीत कधीच बसत नाही. तोच फॉर्म स्क्रिप्टमधून रिक्वेस्टसबमिटनं पाठवून पाहा, खोटं उत्तरही उशिरा पोचेल, कारण तेव्हा तुमची स्क्रिप्ट अजून चालू असते आणि ती संपेपर्यंत रांगेला हात लागत नाही. थोडक्यात, खोट्या डेटावर पास झालेली ही चाचणी काहीच सिद्ध करत नाही.

उपाय: हँडलरची पहिलीच ओळ प्रिव्हेंटडिफॉल्ट, कुठल्याही अटीविना. फॉर्म नेहमीच अडवायचा आणि सगळं ठीक निघालं तर आपण स्वतः पाठवायचा. त्याच्या लगेच खाली, पहिल्या अवेटच्या आधी, फॉर्म आणि दाबलेलं बटण दोन व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. इव्हेंटचा करंटटार्गेट (ज्याच्यावर हँडलर लावलाय तो फॉर्म) वाटप संपलं की नल, म्हणजे रिकामा होतो. अवेटनंतर तो वापरलात की 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' घेऊन परत इथेच याल. बटण इव्हेंटच्या सबमिटर या प्रॉपर्टीत मिळतं.

मग स्वतः पाठवायचं कसं? पान जुन्या पद्धतीनं बदलायचं असेल तर फॉर्म.सबमिट(). ते सबमिट इव्हेंट उठवत नाही आणि ब्राउझरची रकान्यांची तपासणीही करत नाही, त्यामुळे हँडलर पुन्हा पेटून गोल गोल फिरत नाही. रिक्वेस्टसबमिट मात्र दोन्ही करतं, तिथे 'तपासून झालंय' असा झेंडा ठेवावा लागतो. पण तुमच्याकडे दोन बटणं आहेत, आणि फॉर्म.सबमिट() दाबलेल्या बटणाचं नाव-मूल्य सोबत नेत नाही. नोंदणी की मसुदा हे सर्व्हरला कळणारच नाही. म्हणून फेचनं पाठवा आणि फॉर्मडेटा (रकान्यांतली मूल्यं गोळा करणारी वस्तू) बनवताना दुसरं आर्ग्युमेंट म्हणून ते बटण द्या. जुने ब्राउझर सांभाळायचे असतील तर बटणाचं नाव-मूल्य अपेंड करून हातानं घाला. कंटेंट-टाइप हेडर स्वतः लिहू नका, नाहीतर त्यातली बाउंड्री (पार्टमधली सीमाखूण) हरवते आणि सर्व्हरला पार्ट वेगळे करता येत नाहीत.

जाता जाता: एखाद्या बटणाचं नेम 'सबमिट' ठेवलं असेल तर आज बदला. मग फॉर्म.सबमिट म्हणजे ते फंक्शन उरत नाही, ते बटणच होतं. या एका नावानं भल्याभल्यांच्या संध्याकाळी गेल्यात.

तपासताना नेटवर्क टॅबमध्ये 'प्रिझर्व्ह लॉग' चालू करा आणि वेग मुद्दाम खाली आणा. आपल्याच मशीनवरच्या सर्व्हरचं उत्तर इतकं झटपट येतं की या जातीचे बग बऱ्याचदा नीट दिसत नाहीत.

अर्धविराम

पाकीट उघडून बघायची सवय नाही, हे पक्कं डोक्यात बसलं. पहिली ओळ प्रिव्हेंटडिफॉल्ट केली, फेचनं पाठवते आहे, आता फॉर्म अडतो.

पण नवीनच काहीतरी सुरू झालंय. संदेशासाठी हातचा लाल मजकूर काढून सेटकस्टमव्हॅलिडिटी आणि रिपोर्टव्हॅलिडिटी (रकाना चुकीचा ठरवून ब्राउझरचाच संदेश दाखवणारी फंक्शनं) वापरली. 'हे नाव घेतलेलं आहे' असा बुडबुडा छान येतो. मग नाव बदलून पुन्हा बटण दाबलं की तोच बुडबुडा! हँडलरच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला, तिथे पोचतसुद्धा नाही. कन्सोल रिकामा.

दुसरं, कुणी दोनदा दाबू नये म्हणून तपासणी सुरू होताच पूर्ण फील्डसेट (रकान्यांचा गट) डिसेबल करते. तेव्हापासून सर्व्हर म्हणतो सदस्यनाव रिकामं, ईमेल रिकामा, सगळंच रिकामं.

तिसरं जुनंच आहे. टाइप करतानाही मी नाव तपासते. 'रवि' घेतलेलं आहे, 'रवि७' मोकळं आहे. पटकन 'रवि७' टाइप केलं तरी कधीकधी 'घेतलेलं आहे' असंच राहतं.

जुनाटब्राउझर

बुडबुड्याचं: सेटकस्टमव्हॅलिडिटीला दिलेला मजकूर रकान्याला चिकटून राहतो. मूल्य बदललं म्हणून तो आपोआप जात नाही, ब्राउझरच्या लेखी रकाना अजून चुकीचाच. आणि रकाना चुकीचा असला की सबमिट इव्हेंट उठतच नाही, ब्राउझर अलीकडेच अडवतो. हँडलर पुन्हा तपासून संदेश काढेल म्हणावं, तर हँडलरपर्यंत कुणी पोचू देत नाही. रकान्याच्या इनपुट इव्हेंटवर सेटकस्टमव्हॅलिडिटीला रिकामी स्ट्रिंग द्या. ती रिकामी स्ट्रिंगच हवी. एक मोकळी जागा असलेली स्ट्रिंगसुद्धा 'चूक आहे' असंच सांगते.

फील्डसेटचं: डिसेबल केलेले रकाने फॉर्मडेटात येत नाहीत. आधी फॉर्मडेटा, मग डिसेबल. आणि डिसेबलही फक्त बटणंच करा, मला तेच पटतं. वाट पाहताना माणसाला आपण काय लिहिलंय ते नीट वाचता यावं.

तिसऱ्यात चूक क्रमाची आहे. ज्या क्रमानं विचारलं त्याच क्रमानं उत्तरं येतील असा शब्द नेटवर्क कुणाला देत नाही. 'रवि'चं उत्तर रेंगाळलं आणि 'रवि७'च्या मागून येऊन बसलं. सगळे डीबाउन्स सुचवतील, म्हणजे टायपिंग थांबल्यावर ३०० मिलिसेकंदांनी विचारायचं. जरूर करा, रिक्वेस्ट कमी होतील. पण त्यानं ही चूक दुर्मीळ होते, जात नाही, आणि दुर्मीळ झालेला बग पकडणं आणखी कठीण. खरा इलाज एका ओळीचा आहे: विचारताना नाव धरून ठेवा, उत्तर आल्यावर रकान्यातलं मूल्य अजून तेच आहे का बघा, नसेल तर उत्तर फेकून द्या. अबॉर्टकंट्रोलरनं जुनी रिक्वेस्ट रद्द करता येते, तेही चांगलं. फक्त रद्द केलेला फेच कॅचमध्ये (चुका पकडणाऱ्या भागात) 'अबॉर्टएरर' नावानं येतो, त्याला खरी चूक समजून 'नेटवर्क बंद आहे' असा संदेश दाखवू नका.

मधलाथर

मी सर्व्हरच्या बाजूचा, म्हणून जरा वाकडं विचारतो. सबमिटच्या वेळी ही वेगळी तपासणी हवीच कशाला?

तुम्ही विचारलंत, मी 'मोकळं आहे' म्हणालो, आणि तुमचा फॉर्म येईपर्यंत दुसऱ्या कुणी ते नाव घेतलं. ही फट ब्राउझरमध्ये कितीही अवेट लावून बुजणार नाही. ती बुजते डेटाबेसमध्ये, सदस्यनावाच्या कॉलमवर युनिक अट (एक नाव एकदाच) लावून. मग नोंद करायला जावं आणि अट मोडली तर सर्व्हरनं ४०९ (आधीच्या नोंदीशी टक्कर सांगणारा स्टेटस) द्यावा, सोबत जेसनमध्ये (डेटा लिहायच्या ठरावीक मांडणीत) कुठला रकाना आणि काय संदेश. म्हणजे सबमिटला एकच रिक्वेस्ट. टाइप करतानाची तपासणी ठेवा, ती माणसाच्या सोयीची आहे.

यात एक खड्डा आहे. ४०९ किंवा ५०० (सर्व्हरमधला बिघाड) आला तरी फेच कॅचमध्ये जात नाही. त्याच्या दृष्टीनं उत्तर मिळालं, म्हणजे काम झालं. कॅचमध्ये जातं ते उत्तरच न मिळाल्यावर. त्यामुळे रिस्पॉन्सचं ओके आधी बघा. आणि ५०० सोबत सर्व्हर बऱ्याचदा एचटीएमएल पान धाडतो, ते जेसन म्हणून वाचायला गेलात की 'अनएक्स्पेक्टेड टोकन' असं काहीतरी दिसतं आणि लोक जेसनमधला स्वल्पविराम शोधत बसतात. आधी स्टेटस, मग कंटेंट-टाइप, मग जेसन.

जुनाटब्राउझर

मधलाथर यांचं पटलं, माझ्या उपायापेक्षा हा सरळ आहे. एकच राखून म्हणतो: पहिली ओळ प्रिव्हेंटडिफॉल्ट तरीही हवीच, कारण ४०९ चा संदेश त्याच पानावर दाखवायचाय.

अर्धविराम

सबमिटची तपासणी काढली, ४०९ वर आले. मूल्य जुळवून पाहायची ती ओळ टाकल्यावर 'रवि७' सुद्धा ठीक. आता शेवटचं: नोंदणी झाली की मी दुसऱ्या पानावर नेते आणि बटणं मुद्दाम डिसेबलच ठेवते, पान बदलताना कुणी पुन्हा दाबू नये म्हणून. पण तिथून ब्राउझरचं मागे बटण दाबलं तर फॉर्म तसाच मेलेला दिसतो.

मधलाथर

ब्राउझरनं ते पान होतं तसं मेमरीत जपून ठेवलं आणि तसंच परत दिलं, लोड इव्हेंट पुन्हा येत नाही. पेजशो (पान पुन्हा समोर आलं की येणारा) इव्हेंट ऐका आणि त्यात बटणं चालू करा. फायरफॉक्स तर साध्या रीलोडनंतरही बटणाची डिसेबल अवस्था लक्षात ठेवतो, त्यासाठी बटणावर ऑटोकंप्लीट ऑफ लावा.